समोरचं पान

वैरागडे मॅडमना मी तीन वर्षांत एकदाही खुर्चीत बसलेलं पाहिलं नाही. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची होती, पण तिच्यावर कायम कुणाचं तरी प्रॅक्टिकलचं रेकॉर्ड, एक छत्री आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा बसलेला असे. त्या चहा उभ्याने पीत. उत्तरपत्रिका खिडकीच्या कठड्यावर ठेवून उभ्यानेच तपासत. प्राचार्य "बसा ना मॅडम" म्हणाले की "हो हो" म्हणून आणखी दोन पावलं मागे सरकत. वर्गात तर विचारूच नका. फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत आणि मागच्या भिंतीपासून फळ्यापर्यंत. आमच्या माना पंचेचाळीस मिनिटं त्यांच्यामागे फिरत राहायच्या.

हे लिहायला मी बसले खरी, पण जमेल की नाही ठाऊक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. नागपूरच्या गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं घर. बाबा आणि दादा हातमागावर, आई सुताच्या कांड्या भरायला. मी पुस्तक उघडलं की बाबा माग जरा हळू चालवत, एवढंच आमच्या घरातलं शिक्षणाचं वातावरण. एखाद्या माणसाबद्दल कसं लिहावं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मॅडमनी मात्र एक सांगितलं होतं. जे दिसलं ते आधी लिही, जे वाटलं ते नंतर. तसंच करून बघते.

त्या आम्हाला प्राणिशास्त्र शिकवत. कॉलेज सदरमध्ये होतं. वय अडतीस, लग्न झालेलं नाही, राहायला प्रताप नगरला, तिथे तेव्हा घरं कमी आणि मोकळी जागा जास्त होती. उंच, हाडकुळ्या, पदर खोचलेला. हातात खडू नसला तर चावी, चावी नसली तर पदराचं टोक. बोटं कधी रिकामी नसत. मी पहिल्याच महिन्यात त्यांना नाव ठेवलं, धोटा. मागावर उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो, तो धोटा. मी ते फक्त शेजारच्या पुष्पाच्या कानात सांगितलं होतं. पुष्पा जरीपटक्याची, तिच्या वडिलांचं तिथे कापडाचं दुकान. तिच्या पोटात काही राहत नसे. आठ दिवसांत ते सगळ्या वर्गाला कळलं, आणि नवव्या दिवशी मॅडमना.

"मले धोटा कोण म्हणते?" त्यांनी चालता चालताच विचारलं. एरवी त्या पुस्तकी मराठी बोलत. चिडल्या किंवा मजेत आल्या की गावाकडची भाषा बाहेर यायची. यातलं नेमकं काय झालंय, ते आम्हाला कळेना.

मी उभी राहिले. "मी, मॅडम."

"काहून?"

"तुम्ही... इकडून तिकडे..."

"बरं. मग धागा कुठाय? धोटा रिकामा पळत नाही ना वं. माझ्या मागं धागा सुटून राहिला का नाही?"

"सुटून राहिला, मॅडम."

"कशावरून?"

वर्ग हसला. मी तोंड उघडेपर्यंत त्या पुढच्या बाकाकडे निघूनही गेल्या होत्या.

या 'कशावरून'मधून त्यांनी कुणालाच सोडलं नाही. आमचे शिपाई बाबूराव एकदा लॅबच्या दारात येऊन म्हणाले, "मॅडम, प्राचार्यसाहेब आले जी."

"कशावरून?"

"गाडी उभी हाय ना जी खाली."

"मग गाडी आली म्हणा."

बाबूराव निघून गेले. पण माणूस पक्का. दोन दिवसांनी मॅडमचा जेवणाचा डबा घेऊन आले, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "डबा दिसून राहिला मॅडम. आत काय हाय, मले मालूम नाही." मॅडम इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. बसल्या मात्र नाहीत.

आमच्या पुस्तकात एक धडा होता, शिकलेल्या प्रतिक्रियांचा. अन्न देताना दरवेळी घंटा वाजवली की काही दिवसांनी नुसत्या घंटेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तो. हा धडा सुरू होण्याआधी पंधरा दिवस मॅडम एक गोष्ट करत होत्या आणि आमच्या लक्षात आलं नव्हतं. कुणाला प्रश्न विचारायचा असला की त्या आधी टेबलावरचं डस्टर उचलत. धड्याच्या दिवशी त्यांनी वर्गात येऊन फक्त डस्टर उचललं. पंचवीस-तीस माना एकदम खाली गेल्या. माझीही गेली.

"आता वर पाहा," त्या म्हणाल्या. "मी काही विचारलं का? नाही. तुमची मान तुमच्या आधी घाबरली. हे तुम्ही ठरवून केलं नाही. मग कोणी केलं?"

त्या दिवशी मी घरी जाताना फार अस्वस्थ होते. आपण ठरवतो असं आपल्याला वाटतं त्यातलं आपण किती ठरवलेलं असतं, हा विचार मला आधी कधी शिवला नव्हता. रस्त्यात सायकलची घंटा वाजली, मी बाजूला झाले, आणि बाजूला होताना स्वतःकडे पाहत राहिले. त्या बाईंनी आमच्या डोक्यात असं काहीतरी सोडून दिलं, की ते मग घरभर फिरत राही.

दुसऱ्या वर्षी आनुवंशिकता आली. मठाच्या बागेत वाटाणे मोजत बसलेल्या त्या साधूची गोष्ट त्यांनी अशी सांगितली, की जणू तो शेजारच्या गल्लीत राहतो. उंच रोप, बुटकं रोप, गोल दाणा, सुरकुतलेला दाणा. एका पिढीत लपतं आणि दुसऱ्या पिढीत पुन्हा वर येतं. मला वाटलं, हे तर मला माहीत आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून उभी राहिले.

"मॅडम, आमच्या कोष्टी लोकांची बोटं तशीच असतात. सूत सांधायची. ते रक्तातच असते. बाहेरच्या बाईला नाही जमत."

"कशावरून?"

"माझ्या आजीला येत होतं, आईला येतं, मला येतं."

"हे तुझ्या बाजूचं झालं. समोरचं पान काय म्हणते?"

त्यांच्याकडे एक लांबट वही असे. डाव्या पानावर आपल्याला जे खरं वाटतं ते. समोरच्या, उजव्या पानावर फक्त त्याच्या विरुद्ध जाणारं. "ही माझी अक्कल नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांनी जगाला नव्यानं विचार करायला लावलं, त्यांनाही हे स्वतःवर करावं लागलं. आपल्या मताच्या विरुद्ध जे दिसते ना, ते मन सगळ्यात आधी विसरते. संध्याकाळपर्यंत पण टिकत नाही. म्हणून दिसल्या दिसल्या लिहायचं." आणि मला सांगितलं, आठ दिवसांत समोरचं पान भरून आण.

सहा दिवस मला काही सापडलं नाही. सातव्या दिवशी वहिनी माझ्यासमोर बसून सूत सांधत होती. वहिनी शेतकऱ्याच्या घरची, भिवापूरकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बोटांना मिरच्या तोडल्याचे आणि कापूस वेचल्याचे घट्टे होते. एका पावसाळ्यात ती सांधायला शिकली, आणि आता तिचा हात माझ्यापेक्षा चांगला चालत होता. हे मी रोज पाहत होते. वर्गात उभी राहून बोलले तेव्हा मला ती आठवलीच नव्हती. समोर बसलेली वहिनी माझ्या मनाने पुसून टाकली होती.

ते लिहून नेलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं, खिडकीपर्यंत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "सांधणं म्हणजे नेमकं काय? दाखव."

दुसऱ्या दिवशी मी शंभर नंबरी सूत घेऊन गेले. एवढं बारीक, की उजेडाकडे धरलं तरच दिसतं. तुटलेल्या धाग्याची दोन टोकं जवळ घ्यायची, बोटाला चिमूटभर राख लावायची, अंगठा आणि तर्जनी यांच्यात पीळ द्यायचा, आणि तो पीळ धाग्यावरच परतवून मोडायचा. गाठ नाही मारायची. गाठ मागाच्या फणीत अडकते. चांगलं सांधलेलं हाताला लागत नाही आणि ओढलं तर सुटत नाही. मॅडमना ते जमायला तीन आठवडे लागले. पण जमलं. मग त्यांनी नेम केला. दर सोमवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, लॅबमध्ये, खिडकीशी उभं राहून वीस सांधे. मी एकेक हलक्या हाताने ओढून पाहायचं. किती टिकले ते त्या वहीत मांडायच्या. माणसाचा हात नवं काम कसं शिकतो, हे त्या बघत असतील असं मला वाटलं. दिवाळीनंतर विसांतले अठरा, एकोणीस टिकत होते. मला गुरू झाल्यासारखं वाटे. म्हणायला लाज वाटते, पण वाटे.

जानेवारीतल्या एका सोमवारी सांधे झाल्यावर त्या थांबल्या नाहीत. बाटल्यांमध्ये ठेवलेले साप आणि मासे यांच्या कपाटासमोर येरझारा घालत त्यांनी मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. माझ्याकडे न बघता.

त्यांची आई एकोणचाळीस वर्षांची असताना तिचे हात हलायला लागले. आधी बोटं, मग खांदे, मग मान. हातातून ताटं पडत. "सुरुवातीला आई पाटावर बसली की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायची. विचारलं की म्हणायची, थंडी वाजते. मे महिन्यात." मग ते लपेनासं झालं. गावातल्या बायका म्हणाल्या, अंगात देवी येते. मंगळवारी लोक येऊ लागले, खणनारळ घेऊन, पोरांचे ताप घेऊन, हरवलेल्या म्हशीचा पत्ता विचारायला. "मी अकरा वर्षांची होते. नारळ मी गोळा करायची. आई हलायची आणि माझ्याकडे पाहायची. तिला सगळं कळत होतं. तोंडातून शब्द नीट निघत नव्हता एवढंच. लोक त्या शब्दाचे अर्थ लावायचे. ती फक्त पाणी मागत होती." पुढे देवीही गेली, लोकही गेले. वेड लागलं म्हणाले. नंतर काही वर्षांनी आई गेली.

"मी बी.एस्सी.ला असताना लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात एक परिच्छेद सापडला. माझी आई होती त्याच्यात. हात, मान, शब्द, सगळं. हे रक्तातून येते. एका पिढीत लपून दुसरीत निघते, तसंही नाही. आईकडून मुलाकडे यायची शक्यता अर्धी. चित का पट. आणि नाणं माझ्या जन्माआधीच पडलं आहे. कुणाच्या तरी तळहाताखाली झाकून आहे. उचलून बघायची सोय नाही. चाळिशीच्या आसपास ते आपसूकच दिसते."

मला तेव्हा कळलं की वीस सांधे कशाचे होते. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. त्यात चावी फिरत होती. ती तर पहिल्या दिवसापासून फिरत होती.

"हेच तर," त्या म्हणाल्या, मी काही बोलले नसताना. "मी लहानपणापासून अशीच. एका जागी ठरत नाही. मग उद्या ते सुरू झालं तर मला कसं कळणार? म्हणून सूत. सूत खोटं बोलत नाही."

मानकर सरांचंही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. रसायनशास्त्राचे मानकर सर, शांत, विधुर, स्कूटर पुसून पुसून वापरणारे. त्यांनी लग्नाचं विचारलं होतं. मॅडमनी त्यांना आईबद्दल सगळं सांगितलं होतं आणि उन्हाळ्यापर्यंत थांबायला सांगितलं होतं. वर्षभराच्या सांध्यांचा हिशोब समोर ठेवून काय ते ठरवू. "नाहीतर त्यांच्या गळ्यात काय पडणार ते मी पाहिलं आहे. आमच्या बाबांना पाहिलं आहे."

फेब्रुवारीच्या शेवटी विसांतले पंधरा टिकले. पुढच्या सोमवारी चौदा. मग तेरा. मॅडम आकडा लिहीत आणि वही मिटत. फक्त चालणं वाढलं. वर्गात शिकवताना त्या वाक्य अर्धं टाकून दुसरं सुरू करू लागल्या. मानकर सर व्हरांड्यात दिसले की जिना बदलत. एकदा त्यांच्या हातातून काचेची बशी पडून फुटली, आणि आम्ही तुकडे गोळा करेपर्यंत त्या स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून उभ्या होत्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

मी रविवारी घरी सूत काढायला बसले. बाबांच्या फळीवर शंभर नंबरीच्या शेजारी त्याहून जाड साठ नंबरी होतं. दोन्ही पांढरं. जाड सूत पीळ चांगला धरतं, त्यात नवख्याचाही सांधा टिकतो. माझ्या हाताने जाड सूत उचललं. मी ठरवलं असं मला म्हणता येणार नाही, आणि ठरवलं नाही असंही नाही.

सोमवारी अठरा टिकले.

मॅडमनी आकडा लिहिला, पेन्सिल ठेवली, आणि खिडकीतून बाहेर बघत काही क्षण उभ्या राहिल्या. चालल्या नाहीत. मला इतका आनंद झाला, की आपण काय केलं याचा मला विसर पडला. त्यापुढच्या तीन सोमवारीही तेच सूत नेलं. अठरा, एकोणीस, एकोणीस. चौथ्या सोमवारी त्या म्हणाल्या, "परीक्षा संपली की मानकरांना हो म्हणते. काय म्हणतेस?" मी मान हलवली.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, वहिनी मागाखालच्या खड्ड्यात पाणी शिंपडत होती. फणीवर ओलं फडकं टाकलेलं होतं. मी म्हटलं, "वहिनी, पुन्हा काहून पाणी टाकून राहिली? आत्ताच तर टाकलं."

"सूत टिकून नाही राहिलं ना वं. होळी आली का हवा कोरडी पडते. सकाळपासून बावाजी तीनदा ओरडले." बावाजी म्हणजे माझे बाबा, तिचे सासरे. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुले हे मालूम नाही? कोष्ट्याच्या घरची पोरगी तू, आन् मी शेतकऱ्याची सांगून राहिली तुले!"

मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात बारीक सूत तुटतं, म्हणून तर दर वर्षी होळीच्या आधीपासूनच घरात सगळं ओलं असतं. फेब्रुवारीच्या शेवटापासून पंधरा, चौदा, तेराच सांधे टिकत होते, ते मॅडमच्या हातामुळे की हवेमुळे? लॅबमध्ये खिडकी उघडी, वरून पंखा. ही गोष्ट कुणाला सुचायला हवी होती, तर मला. पण मी घाबरले होते, आणि मला फक्त त्यांचा हात दिसत होता. नुसतं एक ओलं फडकं नेलं असतं तरी खरं काय ते कळलं असतं. त्याऐवजी मी सूत बदललं. आता ना तेराला अर्थ राहिला होता, ना एकोणीसला. जवळजवळ वर्षभर एका बाईने स्वतःवर नजर ठेवली होती, आणि मी तिच्या डोळ्यांवर हात ठेवला होता.

दोन दिवस मी कॉलेजला गेले नाही. आईला सांगितलं, डोकं दुखते. तिसऱ्या दिवशी माझ्या वहीच्या डाव्या पानावर लिहिलं, 'मॅडमचा हात चांगला आहे.' समोरच्या पानावर लिहिलं, 'शेवटचे चार सोमवार सूत साठ नंबरी होतं. मी बदललं. त्याआधीचे तीन सोमवार हवा कोरडी होती. मला आठवलं नाही.' वही नेऊन त्यांच्या हातात दिली.

त्यांनी वाचलं. मला वाटलं होतं ओरडतील. मी ओरडण्याची वाट बघत होते.

"चारच?" त्या म्हणाल्या.

"चारच."

त्यांनी आपली लांबट वही उघडली आणि पेन्सिलीने ते चार आकडे खोडले. मग त्याआधीच्या तीन आकड्यांवर प्रश्नचिन्ह केलं. वही मिटली आणि चालायला लागल्या. कपाटापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून कपाटापर्यंत. मी रडत होते.

"आता रडून काय करून राहिली?"

"मॅडम, आता मी रोज बारीक सूत आणते. ओलं फडकं पण आणते. पुन्हा करू."

"नाही." त्या थांबल्या. "सोमवार आला की रविवारपासून माझे हात गार पडतात. तेरा आले की पुढच्या वेळी हात आधीच घाबरतो. डस्टर आठवते? तेच. मीच घंटा वाजवते आणि मीच मान खाली घालते. असं मोजत राहिलं तर मोजण्यानंच हात हलायचा. मी नाही मोजणार आता." मग जरा वेळाने, "तू पाहायचं. मला न सांगता. आणि दिसलं की सांगायचं. ज्या दिवशी दिसेल त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही."

"मी? मी तर तुम्हाला फसवलं."

"म्हणूनच. ज्यानं एकदा सूत बदललं, तो पुन्हा बदलताना दहादा विचार करील. बाकीचे लोक माझ्यावर माया करतात. त्यांचा काय भरवसा?"

खोडलेले आकडे तसेच घेऊन त्या मानकर सरांकडे गेल्या. काय बोलणं झालं ते मला बाबूरावांकडून कळलं. सर म्हणे वही न उघडताच परत देत म्हणाले, "मी हे पाहून विचारलं नव्हतं." मी बाबूरावांना विचारलं, "कशावरून?" ते म्हणाले, "मी चहा घेऊन तिथंच उभा होतो ना पोरी!" मे महिन्यात रजिस्टर लग्न झालं. मूल होऊ द्यायचं नाही, हे मॅडमनी आधीच ठरवलं होतं. ते त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं आणि विषय बदलला.

तिसऱ्या वर्षभर मी त्यांना पाहत राहिले. पाहायला सांगितलेल्या माणसाकडे पाहणं फार अवघड असतं. त्यांनी खडू उचलला की मी फळ्याऐवजी बोटांकडे बघे. त्या चालतच होत्या. मग माझी पदवी झाली, एम.एस्सी. झालं. अधूनमधून भेटायचे. दर वेळी त्यांचा पहिला प्रश्न एकच, "काय दिसते?" आणि दर वेळी मी खरंच म्हणू शकत होते, "काही नाही, मॅडम. पहिल्यासारख्याच आहात."

आता मी बी.एड. करते. गेल्या डिसेंबरात एका दुपारी पुस्तक घ्यायला सदरला गेले होते. थंडीची लाट होती. उन्हातसुद्धा लोक कानाला मफलर बांधून फिरत होते. चष्म्याच्या दुकानाबाहेर एक लाकडी बाक आहे. मानकर सर आत काउंटरपाशी चष्म्याची दांडी बसवून घेत होते. आणि बाहेर बाकावर मॅडम.

मला आधी त्या ओळखूच आल्या नाहीत. का ते दोन पावलं पुढे गेल्यावर कळलं. मी परत फिरले.

त्यांनी मला पाहिलं आणि चेहरा उजळला. "काय वं धोटेवाली! एवढी घाईनं कुठं चालली?" आवाज तोच, शब्द स्वच्छ. बी.एड.चं विचारलं, वहिनीचं विचारलं, बाबांचा माग चालू आहे का विचारलं. मी उत्तरं देत होते आणि मला माझीच उत्तरं ऐकू येत नव्हती. करड्या स्वेटरमधल्या त्या बाई अगदी ताठ, निश्चल बसल्या होत्या. दोन्ही हात मांड्यांखाली होते.

मग त्यांनी विचारलं, "काय दिसते?"

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. आतून मानकर सर दांडी घट्ट झाली की नाही ते दुकानदाराला विचारत होते. मी मनातल्या मनात जाड सूत उचललं, आणि खाली ठेवलं.

"मॅडम," मी म्हटलं, "तुम्ही बसून आहात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात मी पहिल्यांदा आपणहून उभी राहिले होते, तेव्हा पाहिलं होतं तसं.

"आजच सांगितलंस," त्या म्हणाल्या. "बरं केलंस. लिहून ठेव." मग त्या उठल्या, हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतले, आणि दुकानाच्या दारातून वळून म्हणाल्या, "आणि समोरच्या पानावर थंडी लिही. विसरशील."

मी तिथेच बाकावर बसून लिहिलं. डाव्या पानावर, 'बसल्या होत्या. हात मांड्यांखाली.' समोरच्या पानावर, 'थंडी होती.' मग त्यांच्या आईची थंडी आठवली, मे महिन्यातली. ही डिसेंबरातली होती, एवढंच त्याच्यापुढे लिहिलं. लिहिताना माझीही बोटं कापत होती, म्हणून तेही लिहिलं.